आमच्या डोंग्याचं शीड

वाशीम जिल्ह्यात होडीला शीड लावणारी बाई, असं कुणी सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग सांगणाऱ्याकडे. त्यांचं चुकत नाही. इथून समुद्र कुठल्या दिशेला आहे हेसुद्धा मला विचार करून सांगावं लागतं. माझं माहेर रिठदचं. तिथं पाणी म्हणजे विहिरीचं, ते वाकून बघायचं आणि लेकरांना त्याच्यापासून लांब ठेवायचं. पोहायला मला आजही येत नाही. तरी गेल्या काही वर्षांत मी फळ्यांच्या फटींत कापूस ठोकला, शीड शिवलं, फाटलं की पुन्हा शिवलं. हे सगळं हौस म्हणून केलं असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एकदा उन्हाळ्यात येऊन डोंगा खरवडून बघावा. मला एका माणसाला खाटेवरून उठवायचं होतं, आणि दुसरा रस्ता दिसत नव्हता.

सासर कारंजा तालुक्यात, धनजच्या बाजूला. मी घरी शिवणकाम करते आणि उरलेल्या वेळात शेती, किंवा उलटं म्हणा. गावामागे धरणाचं पाणी आहे. ते पहिल्यांदा भरलं तेव्हा सासऱ्यांचं बहुतेक वावर खाली गेलं, पण मधला उंच भाग वर राहिला. त्याला आम्ही टेकाड म्हणतो. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की टेकाडावर ट्रॅक्टर जातो, मृगात पेरणी होते. मग पाणी चढत चढत चारी बाजूंनी वेढा घालतं आणि तूर निघेपर्यंत काही हटत नाही. निंदण, फवारणी, राखण, सगळ्याला पाण्यातूनच जावं लागतं.

त्यासाठी सासऱ्यांनी बैलगाड्या घडवणाऱ्या सुताराकडून सागवानी डोंगा करून घेतला होता. डोंगा म्हणजे सपाट बुडाची छोटी होडी. त्या सुतारानं आयुष्यात डोंगा केला नव्हता, त्यामुळे तो बऱ्यापैकी चाकं काढलेल्या गाडीसारखाच दिसतो. पण तरंगला, आणि चांगला तरंगला. सासऱ्यांच्या मागे माझा नवरा तो वल्हवायचा. खताची पोती, फवारणीचा पंप, निंदणाऱ्या बाया, सगळं त्याच्या दोन हातांवर पलीकडे जायचं.

त्यातला उजवा हात सोयाबीनच्या मळणीयंत्रात गेला, कोपराखालून. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. ज्यांनी असं काही पाहिलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही पाहिलं त्यांनी न पाहिलेलंच बरं.

जखम भरली, पण तो खाट सोडेना. पुढच्या हंगामात पाण्यावर मासे धरणारा गावातला एक गडी आपणहून म्हणाला, “चाला, मी नेतो तुमाले माह्या डोंग्यात.” नवरा म्हणाला, “मले गठुड्यावानी नेऊ नोको.” झालं. त्यानंतर तो विषयच निघाला नाही. त्या वर्षी मजूर गेले, मजूर आले, कुणी बघायला नव्हतं. रानडुकरं पोहत जातात हे मला त्या वर्षी कळलं. तुरीच्या शेंगा भरल्या तशा त्यांनी टेकाड सपाट करून टाकलं.

आमच्या अंगणातून टेकाड समोर दिसतं. एक दिवस मी शिवणावरून उठून बाहेर आले तर खाट फिरवलेली. त्यानं उशाकडची बाजू पायथ्याला करून घेतली होती आणि भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याच आठवड्यात माझे दीर आले. शेजारीच राहतात, ट्रॅक्टर चालवतात, मनानं सरळ माणूस. नवऱ्यानं त्यांना सांगितलं, “टेकाड बटईनं देऊन टाक.” बटई म्हणजे दुसऱ्यानं कसायचं आणि पीक निम्मं निम्मं वाटून घ्यायचं. दीर म्हणाले, “मी पन तेच म्हनून राह्यलो होतो.”

दोघांचंही बोलणं व्यवहाराचं होतं, आणि म्हणूनच माझं डोकं फिरलं. बटईनं जमीन गेली असती तर जगबुडी होणार नव्हती. पण ज्या दिवशी दुसरा माणूस टेकाडावर उभा राहिला असता, त्या दिवशी हा कायमचा भिंतीकडे तोंड करून झोपला असता. हे मला जितकं स्वच्छ दिसत होतं तितकं आयुष्यात फार कमी वेळा काही दिसलंय.

मी दिरांना म्हटलं, “भाऊजी, पोळ्यापर्यंत थांबा. पोळ्यापर्यंत हे सोताच्या हातानं टेकाडावर गेले नाई, तं द्या बटईनं. मी तोंड उघडणार नाई.”

“एका हातानं वल्हवतीन काय वैनी?”

“वारा वल्हवीन.”

हे मी तावातावानं बोलले खरी, पण अगदीच हवेत नव्हतं. फार आधी एकदा आम्ही तुरीची पोती डोंग्यात भरून वरून ताडपत्री टाकत होतो. ताडपत्रीची एक बाजू सुटली, वाऱ्यानं फुगली आणि वल्ही अजून आत पडलेली असताना डोंगा आपला चालायला लागला. तेव्हा मी किंचाळले होते. आता तेच आठवून मी हिशोब मांडला. टेकाड आमच्या काठापासून उत्तरेला. पावसाळी वारा येतो पश्चिमेकडून. म्हणजे जाताना तो डाव्या अंगाला लागणार आणि येताना उजव्या, नाकासमोर कधीच नाही. दोन्ही वेळा आडवा वारा. निसर्गानं एवढी सोय करून ठेवलेली असताना आपण हातपाय गाळणं मला बरं वाटेना. हात गेला म्हणून पाणी काही आटलं नव्हतं.

पण आधी डोंगा. तो घरामागे लिंबाखाली उलटा पडलेला होता. खाली शिरून वर पाहिलं की फळ्यांच्या फटींतून आभाळ दिसायचं. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात माणूस वाळतो, तिथं सागाचं काय. मी मनाशी ठरवलं की चैत्रात सुरू करायचं. मध्ये चार दिवस माहेरी जाऊन यावं म्हणून रिठदला गेले, आणि तेवढ्यात घोटाळा झाला.

परत आले तर डोंगा काळाकुळकुळीत, चकाकणारा. दिरांनी मोठ्या प्रेमानं त्याला ट्रॅक्टरचं जळकं ऑइल पाजलं होतं. आमच्याकडे लाकूड दिसलं की जळकं ऑइल. दाराची चौकट असो, वखराचा दांडा असो की गोठ्याची मेढ, उधळी, म्हणजे वाळवी, लागू नये म्हणून एक हात जळक्या ऑइलचा मारायचाच. हात वर करून दीर म्हणाले, “वैनी, आता उधळीचा बाप येत नाई याच्या जवळ.” मी त्यांना चहा दिला. दुसऱ्या दिवशी फटींवर डांबर वितळवून लावलं. ते थंड झालं आणि बोटानं ओढलं तर दुधावरच्या सायीसारखं अख्खं निघून हातात आलं. तेलकट लाकडावर काहीच धरत नव्हतं.

मी ती डांबराची साय हातात धरून खाटेजवळ गेले. नवऱ्यानं ती पाहिली आणि म्हणाला, “नाई धरणार ते. बुवा कधी ऑइल लावू देत नव्हते डोंग्याले.” बुवा म्हणजे माझे सासरे.

“तुमाले माईत होतं?”

“हो.”

“भाऊजी लावत होते तेव्हा तुमी इथंच होते?”

“हो.”

“मंग बोल्ले काहून नाई?”

“कायले बोलू,” तो म्हणाला आणि कुशीवर वळला.

त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. राग दिरांचा नव्हता. राग त्या ‘कायले’चा होता. जो माणूस आपल्या बापाचा डोंगा डोळ्यांदेखत नासताना बघतो आणि तोंड उघडत नाही, तो किती लांब गेलाय हे मला त्या एका शब्दानं कळलं, आणि मी घाबरले. भीती वाटली की मला काम सुचतं. तो माझा स्वभाव आहे, त्यात काही गुण नाही.

डोंगा ओढून मी मुद्दाम खाटेशेजारी आणला. तेलकट भांडं कसं निघतं ते मला कुणी शिकवायला नको होतं. राख, धुण्याचा सोडा आणि काथ्या. आधी गव्हाचा कोंडा दाबून तेल शोषून घ्यायचं, मग घासायचं, मग उन्हात तापू द्यायचं. ऊन लागलं की आतलं तेल पुन्हा वर यायचं, की पुन्हा कोंडा. जिथं घासून भागेना तिथं बोथट विळ्यानं खरवडायचं. बोटांची कातडी गेली. शिवायला आलेली ब्लाउजं तशीच पडून राहिली आणि गावातल्या बायकांची बोलणी खावी लागली. येणारेजाणारे थांबून विचारायचे, काय करून राह्यली? मी म्हणायचे, भांडे घासून राह्यली. खरवडण्याचा आवाज दिवसभर त्याच्या कानाशी चालायचा. तो दुसरीकडे जाऊन झोपू शकला असता. गेला नाही, एवढं मी बघून ठेवलं.

लाकूड स्वच्छ झाल्यावर फटींची पाळी आली. बाजारात दोन डब्यांतली लुगदी मिळते, एकत्र मळली की दगडासारखी होते. मी ती आणली आणि परातीत मळायला बसले. पहिल्या फटीत भरायला बोट लावलं आणि खाटेवरून आवाज आला.

“गाडीचं चाक उन्हाळ्यात ढिलं झालं तं त्यात सिमेंट भरतं काय कोणी?”

मी मान वर केली नाही. “मंग काय करतेत?”

“पाण्यात टाकतेत. लाकूड फुगते, चाक आपोआप घट्ट होते. तू हे दगड भरून ठेवशीन, अन् पाण्यात गेल्यावर फळी फुगाले जागा नाई राह्यणार. मंग ती फुटणार, नाई तं खिळे उपटून बाहीर येणार. फेक ते.”

“मंग तुमीच सांगा काय भरू.”

तो उठून बसला. मग म्हणाला, “कापूस आन.”

घरचा कापूस. त्याच्या मी वाती वळल्या. देवापुढच्या वातींसारख्याच, फक्त करंगळीएवढ्या जाड आणि हातभर लांब. राळ कुटून, चुना घालून, जवसाच्या तेलात मळायची आणि त्यात वात भिजवून फटीत बसवायची. सासरे दरवर्षी तेच करायचे म्हणे. मला माहीत नव्हतं, कारण डोंग्याचं काम बापलेकांचं होतं आणि मी त्यांना फक्त जवसाचं तेल नेऊन द्यायचे. वात बोथट पटाशीनं आत सारायची, वरून हलकेच ठोकायची, आणि ठासून भरायची नाही. पटाशी धरायला एक हात लागतो आणि ठोकायला दुसरा. त्यानं मोगरी डाव्या हातात घेतली आणि मला म्हणाला, “धर.”

पहिला ठोका माझ्या अंगठ्यावर बसला. दुसराही. तिसऱ्याला मी म्हटलं, “तुमचा काही जुना राग असन तं तोंडानं सांगा.” तो हसला. कधीपासून हसला नव्हता ते मी मोजलेलं नाही. अंगठ्याचं नख पुढे काळं पडून गळालं, पण मी दुसऱ्या कुणाला पटाशी धरू दिली नाही.

ज्येष्ठात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आम्ही डोंगा उरलेल्या पाण्यापाशी नेला, त्यात दगड भरले आणि बुडवला. काठावर निम्मं गाव जमलं होतं. मासे धरणारा तो गडी म्हणाला, “काकू, मी पाह्यलेले सगळे डोंगे आधी चालले अन् मंग बुडाले.” दीर म्हणाले, “बुडवाचाच होता तं इतकी घासपूस कायले केली?” नवरा काठावर उभा होता. खाटेपासून एवढ्या लांब तो पहिल्यांदाच आला होता. दगड कुठं ठेवायचे ते तो बोटानं दाखवत होता. पुढच्या काही दिवसांत आम्ही पेरणी उरकली. मग दगड काढून, पाणी उपसून डोंगा वर आणला तर फळ्या फुगून एकमेकींना भिडल्या होत्या. मागच्या कोपऱ्यात एक पाझर राहिला. तो अजूनही आहे, त्यासाठी डोंग्यात कायम एक टमरेल असतं.

शिडाचं मात्र आम्हा दोघांनाही काही कळत नव्हतं. डोलकाठीला बांबू झाला, बुडाशी लाकडी ठोकळ्यात भोक पाडून तो उभा केला, मागे एका फळीचं सुकाणू लावलं. कापडासाठी दिरांनी एक मोठं फ्लेक्स आणलं. पोहरादेवीच्या यात्रेच्या वेळी चौकात लावलेलं, नंतर कुणी न काढलेलं. त्यावर हात जोडलेला पुढारी होता. आडव्या बांबूला बांधताना तो उलटा झाला, खाली डोकं वर हात. सुलट करा असं मी म्हटलं, तर दीर म्हणाले, “वाऱ्याले काय समजते.”

नवरा म्हणाला, आधी तुम्ही दोघं जाऊन बघा. त्याला गावासमोर पाण्यात पडायचं नव्हतं. मी ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब काखेत घालून बसले आणि डोळे मिटले. दिरांनी शिडाची दोरी ओढून फळीला पक्की गाठ मारली. शेतकऱ्याच्या हातात दोरी आली की तो आधी गाठ मारतो. वाऱ्याचा झोत आला, शीड भरलं, आणि मोकळं व्हायला जागाच नसल्यानं डोंगा उजवीकडे कलंडला. माझ्या मांडीवर पाणी आलं. मी जे काही ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. आणि काठावरून नवऱ्याचा आवाज आला, पूर्वीचा, वावरातून बैलांना हाकारायचा तो आवाज.

“गाठ सोड! कासरा हाय तो! हातात धर, ढिला सोड!”

दिरांनी विळ्यानं गाठ कापली आणि डोंगा सरळ झाला. बैलाचा कासरा खुंटीला बांधून कुणी गाडी हाकत नाही. एका हातात धरायचा, गरज पडली तर ओढायचा, एरवी सैल ठेवायचा. आम्हाला दोरी दिसली होती. त्याला काठावरून कासरा दिसला.

बुडालो नाही, पण टेकाडावरही गेलो नाही. डोंग्याचं तोंड उत्तरेला आणि डोंगा सरकतोय पूर्वेला, असे आम्ही आडवे आडवे सरकत पार पलीकडच्या गावाच्या शिवारात लागलो. तिथल्या लोकांनी पुढाऱ्याला ओळखलं, आम्हाला नाही. चहा पाजला. येताना ऑटोनं आलो, डोंगा नंतर ट्रॉलीतून आणला. घरी नवरा अंगणात काडीनं मातीत रेघा ओढत बसला होता. म्हणाला, “सपाट बुड हाय, म्हून आडवं घसरते. वखराले कशी पास असते, जमिनीत रुतून राह्यते? तसं काईतरी बाजूनं पाण्यात रुतलं पाहिजे.”

जुन्या दाराच्या फळ्या कापून डोंग्याच्या दोन्ही अंगांना एकेक बिजागरीनं लटकवली. वारा ज्या बाजूला ढकलेल त्या बाजूची फळी पाण्यात सोडायची, दुसरी वर घ्यायची. घसरणं पुष्कळ कमी झालं. फ्लेक्स घडीवर चिरलं, पुढारी दोन तुकड्यांत गेला. मग मी मांजरपाट आणला आणि माझ्या मशिनवर शीड शिवलं. कडेला दोन पदरी शिवण, आत सुती दोरी, कोपऱ्यांना जाड कापडाचे तुकडे. रोज ब्लाउज शिवणाऱ्या बाईला ताण कुठं येतो ते कळतं. पहिल्या जोरदार वाऱ्यात एक शिवण उसवली, तिथं मी तिरकी पट्टी जोडली. ती अजून टिकून आहे.

मग नवरा शिकायला लागला. काठाकाठानं, कमरेइतक्या पाण्यात, दीर सोबत बसलेले. सुकाणूचा दांडा लांब करून घेतला, म्हणजे उजव्या थोट्या हाताच्या काखेत दाबून धरता येई. डावा हात कासऱ्याला. शीड वर ओढायची दोरी दातात धरायचा. कित्येकदा सगळं एकदम सुटायचं आणि तो कपाळावर हात मारायचा, तोही डावाच. संध्याकाळी काखेत साल गेलेली असायची. मी खोबरेल लावायचे आणि उद्या जाऊ नका असं एकदाही म्हटलं नाही. जिभेवर खूपदा आलं होतं.

होता होता पोळा आला. एकटा तो अजून गेलेला नव्हता. कधी वारा नाही, कधी पाऊस फार, कधी त्याचंच मन कच खात होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळायची, शेकायचं, आणि उद्या जेवायला या म्हणून त्याला आवतण द्यायचं. ट्रॅक्टर आल्यापासून आमच्या दारात बैल नाहीत. त्या संध्याकाळी नवऱ्यानं माझ्याकडे वाटीत लोणी आणि हळद मागितली. घेऊन काठावर गेला. मी मागोमाग गेले, दीरही आले.

“डोंग्याले खांदा कोठी असते?” दिरांनी विचारलं.

नवऱ्यानं विचार केला. मग जिथं डोलकाठी ठोकळ्यावर टेकते, जिथं शिडाचा सगळा जोर येतो, तिथं डाव्या हातानं लोणी चोळलं. “इथं,” तो म्हणाला. आवतण मात्र त्यानं मनातल्या मनात दिलं असावं, ओठ हलले तेवढे मी पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून असा वारा सुटला की वा. पश्चिमेचा, एकसारखा, ना फार ना कमी. मी म्हटलं, “उठा. आजच.”

“आज पोळा हाय.”

“मंग?”

“पोळ्याले जुपत नसतेत.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. पोळ्यापर्यंतची मुदत मी माझ्याच तोंडानं दिलेली, आणि हा माणूस लाकडाच्या डोंग्याला सुट्टी देऊन बसला होता! मी पुष्कळ बोलले. डोंग्याले शिंगं हायत का, असंही बोलले. तो ऐकून घेत राहिला आणि पुरणपोळीचा नैवेद्य डोंग्याला दाखवायला निघून गेला. संध्याकाळी दीर आले, दारात उभे राहून म्हणाले, “वैनी, पोळा तं झाला.” थट्टेत होतं, पण थट्टेच्या खाली खरं होतं.

आतून नवरा म्हणाला, “उद्या जातो. एकटा. उद्या नाई गेलो तं परवा माणूस पाह्य बटईसाठी.”

दुसऱ्या दिवशी वारा कालच्यासारखा नव्हता. तुटक तुटक यायचा. तरी तो निघाला. मी ट्यूब त्याच्या कमरेला बांधली, ती त्यानं बांधू दिली. “मी येऊ का?” म्हटलं. तो “नाई” म्हणाला. दातात दोरी धरून त्यानं शीड वर घेतलं, दिरांनी डोंगा ढकलला आणि तो गेला.

निम्म्या वाटेपर्यंत ठीक होतं. मग एक झोत आला आणि पांढरं शीड उजवीकडे झुकलं, खूप झुकलं. मग कापड फडफडताना दिसलं, म्हणजे त्यानं कासरा सोडला होता, आणि डोंगा सरळ झाला. पुढं जरा गेला आणि वारा पडला. पार पडला. पाण्यावर एक रेघ हलेना. भर पाण्यात शीड लोंबकळत राहिलं आणि त्याच्याखाली तो, दोन वल्ही पायाशी आणि एक हात.

मासे धरणारा गडी माझ्याजवळ येऊन उभा राहिला. “काकू, जाऊ का? दोरीनं ओढून आनतो.”

दीर म्हणाले, “जा रे.”

“नाई,” मी म्हटलं.

“वैनी, आभाय भरून आलं.”

“दिसते मले. कोणी जाणार नाई.”

दीर चिडले. त्यांचा भाऊ होता तो, चिडणारच. त्या वेळी त्याला दोरी बांधून काठावर आणलं असतं तर तो जिवंत आला असता, भिजलेलासुद्धा नसता, आणि आमची सगळी मेहनत तिथंच पाण्यात गेली असती. हे मी दिरांना समजावून सांगू शकत नव्हते. मी फक्त त्या गड्याच्या डोंग्याची दोरी माझ्या हातात घेऊन उभी राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. पाण्यातला तो माणूस हात हलवत नव्हता, हाक मारत नव्हता, आमच्याकडे बघतही नव्हता. तो पश्चिमेकडे बघत बसला होता.

मग पश्चिमेच्या अंगाला पाणी काळं होताना दिसलं. वारा पाण्यावरून आला. शीड हललं, पोट धरलं, आणि डोंगा चालायला लागला. टेकाडाला टेकला तेव्हा शीड खाली आलं. एवढासा माणूस उतरला आणि तुरीत चालत गेला. कमरेएवढ्या तुरीत तो कडेकडेनं फिरत होता, मध्येच वाकत होता. दीर माझ्याशेजारी खाली बसले आणि तंबाखू मळायला लागले. बराच वेळ मळतच राहिले.

तो परतला ते दिवस कलल्यावर. येताना वाऱ्यानं दगा दिला नाही. डोंगा काठाला घासला. तो उभा राहिला तशी मी गुडघाभर पाण्यात गेले आणि त्याला धरून उतरवायला हात पुढे केला. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं आणि त्यात कासरा ठेवला.

“बांध,” तो म्हणाला. “अन् उद्यासाठी बाया सांग निंदाले. तुरीत लय तण माजलं. मी दोन खेपा करून नेतो त्याईले.” मग स्वतःच उतरला आणि दिरांना, तू उत्तरेकडचे तास वाकडे पेरले, असं झापत वर चालायला लागला.

मी खुंट्याला डोंगा बांधला. रडत होते, त्यामुळे गाठ दोनदा सोडून पुन्हा मारावी लागली. मग पदरानं तोंड पुसलं आणि बाया सांगायला गावात गेले.